अळणावर–दांडेली : मागणीच्या अर्जात मालाचा आकडा घाला

"दांडेलीची रेल्वे परत सुरू करा" अशी पोस्ट आपल्या ग्रुपवर अधनंमधनं येते. मीही ती फॉरवर्ड केलीय. पण नुसत्या फॉरवर्डने रेल्वे चालत नाही, हिशेबाने चालते.

अळणावर–दांडेली हा साधारण 30 किलोमीटरचा फाटा ब्रिटिशांनी जंगलातलं लाकूड बाहेर काढायला टाकला. म्हणजे मूळ मालासाठीच. पुढे प्रवासी गाडी दोन दशकांहून जास्त काळ बंद राहिली. नोव्हेंबर 2019 मध्ये ती परत धावली आणि काही महिन्यांतच लॉकडाऊनमध्ये थांबली.

अशा फाट्यावर प्रवासी तिकिटांतून रूळ, पूल आणि फाटकांचा खर्च निघणं अवघड. देशभरात प्रवासी भाड्यातला तोटा मालवाहतूकच भरून काढते. म्हणून खरा प्रश्न हा की इथनं माल किती जाईल?

इथे ट्रकवाल्याची बाजूही ऐकू या. ट्रक शेताच्या बांधावर येतो. रेल्वेला आधी ट्रकने मालधक्क्यावर न्या, वाघिणीत भरा, पलीकडे उतरवा, परत ट्रकमध्ये टाका. दोनदा जादा हमाली. बेळगाव–हुबळी एवढ्या अंतराला ट्रकच परवडणार, वाद नाही. पण हजार किलोमीटरवर गणित उलटतं. 42 वाघिणींचा एक रेक अडीच हजार टनांच्या वर माल नेतो. वीस टनांचे ट्रक धरले तर सव्वाशे ट्रक!

कागदाच्या गिरणीला कोळसा आणि लाकूड लागतं, तयार कागद लांब जातो. हल्याळचा मका आहे. ऊस मात्र यादीत घालू नका, तो जवळच्याच कारखान्यात जातो.

आणि एक चूक नेहमी होते. फाट्याची कमाई फक्त त्या 30 किलोमीटरची धरतात. तोच माल पुढे मुख्य मार्गावर हजार किलोमीटर भाडं देतो, ते कुणी मोजायचं? दांडेलीत ट्रकमध्ये चढलेला माल अळणावरला रेल्वेसाठी थोडाच उतरतो? तो रस्त्यानेच जातो, सगळं भाडं गेलं.

शेवटचं, आपल्या जिव्हाळ्याचं. बायपास असो की कित्तूरमार्गे धारवाडचा नवा रेल्वेमार्ग, बेळगाव भागातल्या शेतकऱ्याची पिकाऊ जमीन जाते. दांडेलीच्या रुळांखालची जमीन आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातच गेली. ती आधी पुरती वापरा, मग नवीन मागा, असं आपण ठणकावून म्हटलं पाहिजे.

तेव्हा पुढच्या निवेदनात सह्यांसोबत यादी जोडू या. कोणता माल, महिन्याला किती टन, कुठे जातो, आज ट्रकला किती पडतं. हल्याळ, दांडेली, अळणावरच्या पोरांनी आपापल्या बाजारात विचारून लिहायचं, मराठीतच. सह्या बाजूला ठेवता येतात. टनांचा आकडा समोर असला की उत्तर द्यावं लागतं.