मेक्सिको शहरातील शेजार आणि त्याचे भाडे

मेक्सिको शहरात मोटारीतून उतरून वस्त्या पायी पाहण्याची चाल अलीकडे पडली आहे. कोयोआकानमधील फ्रीडा काहलोचे निळे घर, रोमा आणि कोंदेसा या भागांतील झाडांखालचे रस्ते पाहून प्रवासी परततो आणि मेक्सिकन माणसाचे घर आपण पाहिले, असे समजतो. पायी हिंडण्याची ही हौस चांगलीच; परंतु तिची वाट सहसा भिंतीपाशी संपते, आणि स्पॅनिश वळणाच्या घरांचे मर्म तर भिंतीच्या आत असते.

तेपितो, गेरेरो, मोरेलोस या जुन्या वस्त्यांत सामान्य माणूस पिढ्यान्‌पिढ्या ज्यात राहात आला, त्या घराला ‘वेसिंदाद’ म्हणतात. शब्दाचा अर्थच मुळी शेजार. रस्त्यावर एक मोठा दरवाजा, त्यातून बोळ, पुढे उघडा चौक आणि चौकाच्या अंगाने एकेका खोलीची बिऱ्हाडे. कपडे धुण्याची जागा सामाईक, पूर्वी नळ आणि शौचकूपही सामाईक. डब्यांत लावलेली झाडे, दोरीवर वाळणारे कपडे आणि ग्वादालूपेच्या मातेचा देव्हारा. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला येथे दुभाष्या लागणार नाही. नाताळापूर्वीच्या नऊ रात्री येथे मेरी आणि जोसेफ यांना आसरा नाकारला गेल्याचा प्रसंग दारोदार गाऊन दाखवितात. भाड्याच्या घरात राहणारांना त्या गाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नसावा.

वस्तीचा दिवस आवाजांवर चालतो. घंटा वाजली की कचऱ्याची गाडी आली. वाफेची कर्कश शिट्टी म्हणजे भाजक्या रताळ्यांची हातगाडी. छोट्या पाव्याची लकेर म्हणजे सुऱ्यांना धार लावणारा. जुन्या गाद्या आणि शेगड्या विकत घेणारा तर एका लहान मुलीच्या आवाजातील मुद्रित पुकारा ध्वनिवर्धकावरून ऐकवीत फिरतो. जेवणवेळेला तोर्तियाच्या दुकानापुढे फडकी घेऊन रांग लागते. चुन्याच्या पाण्यात शिजविलेल्या मक्याची ही भाकरी मेक्सिकोचा प्राण आहे. मराठी वाचकाचाही या धान्याशी एक संबंध आहे: वर्ध्याकडून निघालेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर संशोधन केले, आणि दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना रंगविले.

वेसिंदादच्या आत शिरून लिहिणारा सर्वांत प्रसिद्ध अभ्यासक म्हणजे ऑस्कर लुइस. तेपितोतील सातशेवर माणसांच्या एका वेसिंदादमधील कुटुंबाची कहाणी त्याने १९६१ साली प्रसिद्ध केली. देशाची बदनामी झाली म्हणून मेक्सिकोत तिच्यावर गहजब उडाला. तो अनाठायी होता. पण दारिद्र्य ही बापाकडून मुलाकडे जाणारी एक संस्कृतीच असते, हा लुइसचा निष्कर्षही स्वीकारवत नाही. या घरांचे भवितव्य त्या संस्कृतीपेक्षा भाड्याच्या कायद्यांनी अधिक ठरविले आहे.

१९४२ साली युद्धकाळाची तरतूद म्हणून शहरातील घरभाडी गोठविण्यात आली, आणि १९४८ च्या हुकुमाने हजारो घरांच्या बाबतीत ती तशीच राहिली. मालकाने डागडुजी सोडून दिली, भिंती पोखरल्या. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याचे पुढे काय झाले हे जाणणाऱ्यास यात नवल वाटणार नाही. तरीही त्या गोठलेल्या भाड्यामुळेच चांभार, शिंपी, फेरीवाले शहराच्या मध्यभागी टिकून राहिले, हेही विसरता कामा नये.

१९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात अशा कित्येक वेसिंदाद कोसळल्या. रहिवाशांना दूरच्या वसाहतींत हलविणे सोपे होते. पण ते हलले नाहीत. पडक्या घरांसमोर रस्त्यातच त्यांनी आसरे उभारले. अखेर ऑक्टोबरात सरकारने हजारो मिळकती ताब्यात घेतल्या आणि १९८७ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक घरे बांधली वा दुरुस्त केली. नवे घर सुमारे ४० चौरस मीटरांचे, म्हणजे लहानच. पण त्यात स्वतःचे स्वयंपाकघर आणि न्हाणी होती, पुष्कळ ठिकाणी मधला चौक राखला होता, आणि हप्ते फेडून भाडेकरू मालक झाला. पुनर्वसन जागच्या जागी होऊ शकते, याचा एवढा मोठा दाखला जगात थोडकाच सापडेल.

त्यानंतरच्या धोरणात मात्र ही दृष्टी दिसत नाही. १९९० नंतर जुन्या भाड्यांचे संरक्षण क्रमाने उठले. अलीकडच्या वर्षांत, विशेषतः २०२० नंतर, घरबसल्या काम करणारे परदेशी आणि पायी हिंडणारे प्रवासी रोमा-कोंदेसात वाढले, तशी भाड्याची घरे रात्रीच्या बोलीवर जाऊ लागली. ४ जुलै २०२५ रोजी त्याविरुद्ध मोर्चा निघाला. त्यात काही दुकानांची मोडतोड झाली, ती समर्थनीय नव्हे. भाडेवाढ महागाईच्या दरापलीकडे जाऊ नये, असा कायदा शहराने २०२४ सालीच केला होता. पण जे घर भाडेकरूच्या हातून सुटले, त्याला हा कायदा परत कसा आणणार? त्याच वर्षी प्रवाशांना दिलेले घर वर्षाच्या निम्म्याहून अधिक रात्री वापरता येऊ नये, अशी मर्यादाही संमत झाली. उरलेल्या अर्ध्या वर्षासाठी कोणी शिक्षक वा कारकून तेथे बिऱ्हाड थाटणार नाही.