लाइन वाढवण्याआधी वाटणी नीट करा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



शाळांना इंटरनेट द्यायचे म्हटले की चर्चा ‘किती एमबीपीएस?’ या प्रश्नावर येऊन थांबते. मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत संगणक शिकवतो. आहे ती लाइन वर्गात कशी वाटली जाते, तेही आपण पाहावे म्हणून हे पत्र.

आमच्या लॅबमध्ये 20 संगणक आणि 50 एमबीपीएसची एक लाइन. नववीचा तास, सगळ्यांच्या पडद्यावर ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-संकेतस्थळावरचा एकच धडा. हिशेबाने प्रत्येकाला अडीच एमबीपीएस येतात; व्हिडिओ पाहायला पुरेसे. तेवढ्यात कार्यालयातून वृक्षारोपणाचे फोटो आणि व्हिडिओ अपलोड व्हायला लागतात, कारण ते ‘आजच’ हवे असतात. मागच्या बाकावरच्या दोन संगणकांना नेमका त्याच वेळी विंडोजचा अपडेट आठवतो. लगेच वर्गभर चक्र्या फिरू लागतात. लाइन देणारी कंपनी म्हणते, ‘आमच्याकडून स्पीड फुल आहे.’ तेही खोटे नसते.

खरा घोळ असतो राउटरच्या रांगेत. अपलोडचा ढीग तिथे साचतो आणि धडा मागणारी छोटीशी विनंती त्यामागे ताटकळते. यालाच ‘बफरब्लोट’ म्हणतात. वाटणी बिघडली की काय होते, हे इंटरनेटने फार पूर्वी पाहिले आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कले विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला. तार तीच होती, पाठवणाऱ्यांना आवर नव्हता. तो आवर घालण्याची रीत व्हॅन जेकबसन यांनी शोधली. त्यांनीच 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स यांच्यासह राउटरमधली रांग आखूड ठेवणारी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. तिच्यावर उभी असलेली ‘केक’ ही पद्धत 2018 पासून लिनक्समध्ये आहे आणि ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या मोफत प्रणालीवर चालते. राउटरची मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवायची, म्हणजे रांग कंपनीकडे न लागता आपल्या ताब्यात राहते. मग ‘केक’ प्रत्येक संगणकाला समान वाटा देते. तीस टॅब उघडणाऱ्याला एक टॅब उघडणाऱ्यापेक्षा जास्त मिळत नाही.

धुळे-नाशिककडच्या सिंचनाच्या फड पद्धतीत पाटकरी पाळीने पाणी सोडतो, म्हणून शेवटच्या शेतापर्यंत ते पोचते. आमच्या लॅबला असा पाटकरी हवा आहे.

त्यासाठी तीन मागण्या:

1. लॅबसाठी राउटर घेताना खरेदीच्या अटींत रांगेचे नियमन आणि प्रत्येक संगणकाला समान वाटा, या दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. नुसता ‘हाय स्पीड’ हा शब्द पुरत नाही.

2. राउटरचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे लेखी असावा आणि संगणक शिक्षकांना तो वापरायचे प्रशिक्षण मिळावे. किल्ली ठेकेदाराच्या खिशात राहिली, तर सुट्टीत बिघडलेली सेटिंग जून उजाडला तरी तशीच राहते.

3. अपडेट शाळा सुटल्यावर व्हावेत. एका संगणकाने उतरवलेला अपडेट बाकीच्यांनी लॅबमधल्या लॅबमध्येच घ्यावा, अशी सोय विंडोजमध्ये आहे. ती सगळीकडे चालू करावी. तसेच मराठी विकिपीडिया ‘किविक्स’ या ऑफलाइन वाचनाच्या सॉफ्टवेअरद्वारे लॅबमध्येच साठवून ठेवता येतो, त्याला लाइन लागतच नाही.

एक सावधगिरीही हवी. नियंत्रण वेगाच्या वाटणीपुरतेच असावे. कोणत्या मुलाने काय पाहिले, याच्या याद्या ठेवण्याचे ते निमित्त होऊ नये.

यातले सॉफ्टवेअर फुकट आहे. खर्च साध्या राउटरचा आणि प्रशिक्षणाचा. दर महिन्याला जास्त वेगाचे बिल भरण्यापेक्षा तो नक्कीच कमी. एका तालुक्यातल्या शाळांत एक सत्र हे करून पाहावे आणि मगच लाइन वाढवण्याचा निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक संगणक शिक्षक