फाईल आमची, सही कुणाची?

परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देणाऱ्या ट्रस्टमध्ये आपलं एखादं पोरगं किंवा पोरगी नोकरीला लागली की वस्तीत दोनच मतं पडतात. एक मत असं की, गेली कामातून, शेटजीच्या ताटाखालचं मांजर झाली. दुसरं मत असं की, देवमाणूस आहे, तिनं शब्द टाकला की पोरगं थेट विमानात. दोन्ही मतं बकवास आहेत. पहिल्याला वाटतं पैशानं माणूस विटाळतो. दुसऱ्याला वाटतं पैसा कुणाच्या तरी काळजातून पाझरतो. पैसा तिजोरीतून येतो आणि तिजोरीला नियम असतात. ते नियम कोण लिहितं, कोण वाचतं, आणि त्यात कोण अडकून पडतं, एवढंच बघायचं. बाकी सगळी भजनं.

मी अशाच एका ट्रस्टच्या मुंबईतल्या ऑफिसात काम करते. काम म्हणजे फायली. आता अर्ज कॉम्प्युटरवर येतात, पण गठ्ठा तो गठ्ठाच. मार्कशीट, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, दोन शिफारसपत्रं, एक निबंध. पहिली चाळणी आम्ही नोकर माणसं लावतो. दुसरी मुलाखत घेणारं मंडळ लावतं. शेवटची सही ट्रस्टींची. आमच्या चाळणीतून खाली पडलेलं पोरगं ट्रस्टींना दिसतसुद्धा नाही. म्हणून म्हणते, या खुर्चीला कमी लेखू नका. पगार कारकुनाचा आहे, पण कात्री आपल्या हातात आहे.

ही कात्री कुठं चालते ते सांगते. शिफारसपत्र घ्या. तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचं पत्र चार ओळींचं असतं. विद्यार्थी हुशार आहे, सद्वर्तनी आहे, त्यास मदत व्हावी. संपलं. मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजातलं पत्र दोन पानांचं. त्यात पोरानं कुठला प्रकल्प केला, कुठला सिद्धांत उलटा तपासला, सगळं साग्रसंगीत. मंडळ म्हणतं, दुसरा उमेदवार सरस. सरस कोण? उमेदवार, की पत्र लिहिणारा मास्तर? भीमराव नावाच्या पोराला केळुसकर गुरुजी भेटले. त्यांनी त्याला सयाजीरावांपर्यंत नेलं. ज्या पोराला केळुसकर भेटत नाहीत, त्यानं काय करायचं? त्याची हुशारी कुणाच्या लेटरहेडवर छापायची?

दुसरी कात्री पैशाची, आणि ही तर मोठी गंमत आहे. पैसे नाहीत म्हणून शिष्यवृत्ती मागायची आणि शिष्यवृत्ती मागण्यासाठी आधी पैसे आणायचे. इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेची फी सतराहजारांच्या वर. २०२५ च्या हिशेबानं ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाची फी ५२४ पौंड, म्हणजे साठेक हजार रुपये. वर आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. अमेरिकेला जायचं तर व्हिसाचे १८५ डॉलर आणि विद्यार्थी नोंदणीचे ३५० डॉलर. ज्याला पुऱ्या खर्चाचं प्रायोजक-पत्र नाही, त्यानं ब्रिटनसाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस बँकेत पडून आहे हे दाखवायचं. ज्याच्या घरात पगार दहा तारखेला संपतो, त्यानं अठ्ठावीस दिवस पैसा कुठल्या खात्यात झोपवायचा? बऱ्याच संस्था हा खर्च देतात, पण पावती दाखवल्यावर. म्हणजे आधी सावकार, मग संस्था. मधल्या दोन महिन्यांचं व्याज कुठल्याच अहवालात छापून येत नाही.

तिसरी कात्री निबंधाची. ‘आपण कोणत्या अडचणींवर मात केली?’ असा प्रश्न असतो. वाचताना मला चीड येते. ज्याच्या बापाची फॅक्टरी आहे तो लिहितो, मला नेतृत्व करायचं आहे. आमचं पोरगं लिहितं, आई धुणीभांडी करते. एकाला भविष्य विचारलं जातं, दुसऱ्याला जखम. एकदा बैठकीत एक जण म्हणाले, निबंध चांगला आहे, पण घरची परिस्थिती जरा सविस्तर हवी होती. त्या पोरीनं भूजलातल्या फ्लोराईडवर संशोधनाचा आराखडा दिला होता. तिचं पाणी बाजूला राहिलं, यांना तिचे अश्रू हवे होते. मी तिच्या आराखड्याचं पान सगळ्यांसमोर ठेवलं आणि म्हटलं, गुण यावर द्या. दिले. आपलं माणूस त्या टेबलाशी असावं ते एवढ्यासाठी.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेबही राजाच्या पैशावरच शिकले ना? शिकले. पण गोष्ट अर्धी सांगू नका. १९१३ साली बडोदा सरकारची शिष्यवृत्ती मिळाली ती महिना ११.५० पौंडांची, तीन वर्षांसाठी. त्यासाठी करार झाला की परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. पुढं वर्षभराची मुदतवाढ मिळाली, आणि १९१७ साली मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस बडोद्यात नोकरीवर हजर झाला, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत राहिला, तिथूनही हाकलला गेला. शिष्यवृत्तीनं फी भरली होती. गाव होतं तसंच होतं. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांचं कर्ज एवढ्या जोरावर.

आणि याच माणसाच्या हाती सत्तेचा तुकडा आला तेव्हा त्यानं काय केलं? १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. एका राजाच्या मर्जीवर शिकलेल्या या माणसानं आपल्या पोरांसाठी दुसरा राजा शोधला नाही. त्यांनी सरकारी तिजोरीवर बोट ठेवलं. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. मर्जीकडून नियमाकडे, हा तो रस्ता. धर्मादायात काम करणाऱ्यानं हा रस्ता भिंतीवर चिकटवून ठेवावा.

धर्मादायाचा पैसा कुठून येतो, तेही विचारायचं. जगातली सगळ्यात नावाजलेली शिष्यवृत्ती ऱ्होड्स. सेसिल ऱ्होड्स १९०२ साली मेला आणि मृत्युपत्रातून ऑक्सफर्डला पोरं पाठवायची सोय करून गेला. त्याची संपत्ती किंबर्लीच्या हिऱ्यांची. त्या खाणींतल्या काळ्या मजुरांना कुंपणाच्या आत कोंडून ठेवत. बायकांना ही शिष्यवृत्ती १९७७ पर्यंत बंदच होती. २०१५ साली केपटाऊनच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठातला त्याचा पुतळा हटवायला लावला. म्हणून ती शिष्यवृत्ती घेऊ नये का? जरूर घ्यावी. खाणीत घाम गाळणाऱ्यांचाच तो पैसा आहे. फक्त पावतीवर उपकार लिहू नये, थकबाकी लिहावी.

चाळणी बदलता येते, याचाही पुरावा आहे. फोर्ड फाउंडेशननं २००१ साली २८ कोटी डॉलरची तरतूद करून एक आंतरराष्ट्रीय फेलोशिप सुरू केली. २२ देश-प्रदेशांतून, ज्यांना उच्च शिक्षणाचं दार बंद होतं अशांमधून, ४,३०० च्या वर माणसं निवडली. वयाची अट ठेवली नाही. मार्कांइतकंच आपल्या समाजात केलेलं काम मोजलं. जायच्या आधी भाषेची आणि संगणकाची तयारी स्वतःच्या खर्चानं करून घेतली. म्हणजे ‘लायक उमेदवार मिळत नाहीत’ हे रडगाणं खोटं आहे. पण तीही योजना २०१३ साली संपली. ठरलेला पैसा संपला, दुकान बंद. धर्मादायाला शेवटची तारीख असते, आणि ती तारीख तुम्हाला विचारून ठरत नाही.

म्हणून सरकारला सुट्टी द्यायची नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. एवढ्या मोठ्या देशात जागा १२५, त्यातल्या अनुसूचित जातींना ११५. २०२२ साली नियम आला की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरच्या अभ्यासाला या योजनेत पैसे नाहीत. म्हणजे तुमच्यावर जे गुदरलं ते सोडून काहीही शिका. २०२५ च्या जुलैत १०६ जणांची निवड जाहीर झाली आणि पत्रं आधी निघाली ४० जणांचीच. बाकीच्यांना सांगितलं, निधी असेल तर बघू. बोंबाबोंब झाली तेव्हा चक्रं हलली. अशा वेळी आमच्यासारख्या ऑफिसांचे फोन खणखणतात आणि ट्रस्टी खूश होतात की बघा, सरकार देत नाही ते आम्ही देतो. दोस्तांनो, सापळा इथंच आहे. हक्काची जागा कमी झाली की भिकेची किंमत वाढते.

तेव्हा आत बसलेल्यांनी कशासाठी भांडायचं ते स्पष्ट आहे. परीक्षा आणि व्हिसाची फी आगाऊ द्या. नाकारलेल्या प्रत्येकाला कारण लेखी द्या. शिफारसपत्राचं वजन कमी करा, कामाचं वाढवा. जखमेचा निबंध बंद करा. मंडळावर याच रस्त्यानं गेलेली माणसं घ्या. आणि वार्षिक समारंभात पोरांना रांगेत उभं करून दात्यासोबत फोटो काढणं थांबवा. यातल्या दोन गोष्टी आमच्या ऑफिसात झाल्या, चार बाकी आहेत. एकेक गोष्टीला वर्ष लागतं.

आणि बाहेरच्यांनी? अर्ज करा. लाजू नका, हात जोडू नका. जे गेलेत त्यांनी आपला निबंध, आराखडा, पत्राचा नमुना मागच्यांना द्यावा. केळुसकर गुरुजी एक होते, आपण हजार व्हायला काय हरकत आहे? मी चाळणीशी बसलेली आहेच. पण निवडलेल्या दहांसाठी टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ज्या शेकड्यांना नकाराचं पत्र गेलं त्यांची यादी करा आणि ती घेऊन समाजकल्याणच्या दारात उभे राहा. ट्रस्टच्या दारात विनंती चालते. तिथं मात्र मागणीच करायची.