प्रतिनायकाचे बळ आणि नायकाचे मोजमाप

दण्डीने ‘काव्यादर्शा’च्या पहिल्या परिच्छेदात नायकोत्कर्षाचे दोन मार्ग सांगितले आहेत. नायकाचे गुण प्रथम वर्णून त्याच्याकडून शत्रूचा पराभव घडविणे, हा एक. शत्रूचे कुल, पराक्रम आणि विद्या यांची थोरवी आधी सांगून मग नायकाला विजय मिळवून देणे, हा दुसरा. आणि हा विशेष आल्हाददायक, असा त्याचा अभिप्राय आहे. जपानी साहसपर चित्रमालिकांनी, म्हणजेच दीर्घकाळ चालणाऱ्या ॲनिमेंनी, हाच दुसरा मार्ग पत्करला आहे. तथापि महाकाव्य सर्गबद्ध आणि सान्त असते. या मालिका आठवड्याच्या हप्त्यांनी वर्षानुवर्षे चालतात. एक शत्रू पडला की त्याहून बलाढ्य असा दुसरा उभा करावा लागतो. नायक श्रेष्ठ की खलनायक, हा प्रेक्षकांचा आवडता वाद या सक्तीतून जन्मतो. परंतु बळ मोजतो कोण, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे.

अकिरा तोरियामा यांच्या चित्रकथेवर आधारलेली ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही २९१ भागांची मालिका १९८९ ते १९९६ या काळात प्रसारित झाली. तीत शत्रुपक्षाचे योद्धे डोळ्यावरील यंत्रातून समोरच्याचे बळ आकड्यांत वाचतात. बंदूकधारी शेतकऱ्याचे बळ ५. अंगावर जड वस्त्रे असताना गोकूचे ३३४. आणि फ्रीझा आपल्या पहिल्याच रूपातील बळ ५,३०,००० असल्याचे सांगतो. येथे आकडा ही खलपक्षाची भाषा आहे. ग्रह जिंकून विकणाऱ्या सत्तेला प्रत्येक वस्तूचे मोल ठाऊक असावे लागते. गोकूचे सोबती मात्र बळ अंतःप्रेरणेने जाणतात, स्वतःचे लपवितात, आणि यंत्र फसते. दुर्दैवाने फ्रीझानंतर यंत्र मागे पडले तरी शिडी उरली. पुढचा शत्रू सेल हा तर पूर्वीच्या योद्ध्यांच्या पेशींपासून घडविलेला. जणू आधीच्या बळांची बेरीजच. शत्रूचा पराक्रम तेवढा वाढत गेला आणि नायक केवळ वरची पायरी होऊन बसला.

एइचिरो ओदा यांच्या चित्रकथेवरून १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘वन पीस’ मालिकेतही आकडे आहेत. पण ते जागतिक सरकारने चाच्यांच्या शिरावर लावलेल्या इनामाचे. निको रॉबिन हिच्यावर वयाच्या आठव्या वर्षी ७ कोटी ९० लाखांचे इनाम लागते, ते प्राचीन शिलालेख वाचण्याच्या विद्येमुळे. पुढे लुफी कायडोला पराभूत करतो, तरी विजेत्याचे इनाम ३०० कोटी, तर पराभूताचे ४६१ कोटी ११ लाख! हे मोजमाप सत्तेला वाटणाऱ्या भयाचे आहे, बाहुबळाचे नव्हे. क्रोकोडाइलच्या प्रसंगी तर शत्रूचे सामर्थ्य त्याच्या पापाशीच जोडलेले आहे. वाळूवर प्रभुत्व असलेला हा पुरुष अलाबास्ता राज्याचा पाऊस हिरावतो. लुफी त्याच्याकडून दोनदा हरतो. वाळूला ओल सोसत नाही हे ओळखून, अखेरीस स्वतःच्या रक्ताने मुठी भिजवून, तिसऱ्यांदा जिंकतो. हा विजय मोठ्या आकड्याचा नाही, समजुतीचा आहे.

‘वन पीस’ही अधिकाधिक प्रचंड रूपांच्या मोहातून सर्वस्वी सुटलेली नाही, हा आक्षेप रास्त आहे. लुफीची उत्तरकालीन रूपांतरे त्याची साक्ष देतात. परंतु त्यामुळे मूळ भेद पुसला जात नाही. दण्डीने शत्रूच्या ठायी पराक्रमासोबत कुल आणि विद्याही मागितली होती. शत्रू कोणत्या व्यवस्थेतून आला आणि त्याला काय ठाऊक आहे, हे जेथे कळते, तेथेच त्याच्या पराभवाला अर्थ येतो. जेथे केवळ पराक्रम फुगतो, तेथे नायक जिंकतो खरा, पण खलाच्याच तराजूत उभा राहून. प्रतिनायकाचा विचार करणाऱ्या भारतीय साहित्यमीमांसेने या लोकप्रिय कथांकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही; तिची जुनी कसोटी येथे अजून खरी उतरते.