स्टिअरिंग जड झाले म्हणून गाडी सोडू नका

मागच्या हिवाळ्यात मी गाडी चालवणे जवळजवळ सोडूनच दिले होते. मयूर विहारच्या आमच्या गल्लीत गाडी लावताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावे लागे, मागे हॉर्न सुरू होत आणि संध्याकाळी मनगट ठणके. ‘‘तुला नाही झेपत, राहू दे,’’ असे घरात ठरून गेले. खरे तर मलाही ते पटू लागले होते. मेकॅनिकने तर संपूर्ण स्टिअरिंग रॅकच बदलायला सांगितली.

आमची गाडी १२ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, पॉवर स्टिअरिंग नसलेली. १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली, तेव्हापासून इथे जुन्या गाडीवर खर्च करताना हात आखडतोच. शेवटी एका रविवारी आम्ही दोघांनीच बाह्या सरसावल्या.

आधी हवा तपासा. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर रस्त्यावर पसरतो आणि चाक वळवायला जोर लागतो. दिल्लीत याचा फटका अधिक. तापमान ५-६ अंशांनी उतरले की दाब साधारण १ पौंडाने घटतो. म्हणजे जूनमध्ये ४२ अंशांत भरलेली हवा जानेवारीच्या ७ अंशांत, कुठेही गळती नसताना, सहा पौंडांनी कमी! आमच्याकडे ३० च्या जागी २० निघाली. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. हवा गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजा.

हवा भरल्यावर निम्मा त्रास गेला. मग सपाट जागेवर हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना अडण लावून दोन्ही पुढची चाके स्टँडवर घेतली. (नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.) चाके अधांतरी असतानाही स्टिअरिंग जड लागले, तर दोष टायरचा नसून सांध्यांचा. आमच्या गाडीत पॅडलजवळचा, स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा जॉइंट गंजला होता. पावसाळ्यात पुलाखालच्या पाण्यातून गाडी काढली होती, तेव्हाचेच ते पाणी असावे. गंज सुटणारे तेल फवारताच तो मोकळा झाला. फवारा ब्रेकच्या पॅडलवर उडू नये म्हणून खाली जुने फडके धरले होते. पण हा इलाज तात्पुरताच, जॉइंट आठवड्याभरात बदलून घेतला. रॅक अजून तीच आहे, आणि गाडीची चावी माझ्या पर्समध्ये.

गाडी वर असतानाच रॅकच्या टोकांची रबरी टोपणेही पाहून घ्या. ती फाटली की आत धूळ-पाणी जाते आणि ग्रीस संपते. पॉवर स्टिअरिंग तेलावरचे असेल तर तेलाची पातळी आणि पट्टा पाहा. विजेवरचे असेल तर डॅशबोर्डवरचा दिवा आणि बॅटरी. मात्र स्टिअरिंग एकाच जागी अडकत असेल किंवा वळणानंतर आपोआप सरळ होत नसेल, तर घरगुती प्रयोग नकोत. गाडी जागेवरच ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा.