तिसऱ्यांनी गाळलेलं पाणी

तिसऱ्या, कालवं, माकुल आणि पावसाळ्यात कुंपणावर चढणारी गोगलगाय ही सारी एकाच कुळातली. मृदुकाय हा त्यांचा प्राणिसंघ. जातींच्या संख्येत कीटक-खेकड्यांचा संधिपाद संघ तेवढा त्याच्या पुढे आहे. मऊ शरीर, स्नायूंचा पाय आणि अंगावर प्रावार नावाची त्वचेची घडी ही त्यांची ओळख. बहुतेकांचं कवच हा प्रावारच घडवतो.

त्यातले तीन गट आपल्या परिचयाचे. गोगलगायी आणि शंख हे उदरपाद. दातेरी जिभेने ते अन्न खरवडून खातात. गोड्या पाण्यातल्या काही गोगलगायी शिस्टोसोमा कृमीला आसरा देतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात या कृमीच्या आजाराची १९५२ साली नोंद झाली होती. माकुल आणि ऑक्टोपस हे शीर्षपाद. तीन हृदयं, तांब्यामुळे निळसर दिसणारं रक्त आणि तल्लख मेंदू हे त्यांचं वैशिष्ट्य.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा गट तिसरा, दोन शिंपांचा. तिसऱ्या, शिवल्या, कालवं यांना डोकं नसतं, दातेरी जीभही नसते. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म रोमकांनी पाणी आत ओढायचं आणि त्यातले कण गाळून खायचे, हा बहुतेकांचा जीवनक्रम. एक मोठं कालव दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकतं. खाडी त्यामुळे निवळते. पण पाण्यात सांडपाणी मिसळलं, की काविळीचे विषाणू आणि जुलाबाचे जंतूही त्यांच्या शरीरात साठतात. त्याने तिसरी मरत नाही. दिसायला आणि वासाला ती ताजीच असते.

१९८८ च्या सुरुवातीला चीनमधल्या शांघाय शहरात सुमारे तीन लाख लोकांना 'हेपटायटिस ए' झाला. दूषित पाण्यातले, जेमतेम गरम केलेले शिंपले हे त्याचं कारण होतं. आपल्याकडे तिसऱ्या शिजवूनच खातात, ही जमेची बाजू. तरीही तोंड उघडताच भांडं उतरवू नये. त्यानंतर चार-पाच मिनिटं चांगलं उकळू द्यावं. टिचकी मारल्यावरही न मिटणारी तिसरी मेलेली असते, ती टाकून द्यावी. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कच्चं कालव खाऊच नये.

मात्र उकळीने जंतू मरतात, कारखान्यांच्या पाण्यातले शिसे, पारा, कॅडमियम जात नाहीत. काही शैवालांची विषंही शिजवून नष्ट होत नाहीत. तिथे गृहिणीच्या दक्षतेला मर्यादा आहे. सांडपाणी प्रक्रिया करूनच खाडीत सोडणं आणि शिंपल्यांची नियमित तपासणी करून निष्कर्ष लोकांपुढे ठेवणं, हे काम यंत्रणेचं. ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची रोजीरोटीही त्यावरच टिकेल. काविळीचा रुग्ण आला की आम्ही डॉक्टर पिण्याच्या पाण्याची चौकशी करतो. किनारपट्टीवर खाडीच्या पाण्याचीही करायला हवी.