आधी खिद्रापुरात फोटो काढून दाखवा

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापतात. सेन्सर केवढा, ते मागे बारीक अक्षरांत. मी याला सरळ फसवणूक म्हणतो. दुकानात काउंटरवरच्या लख्ख एलईडीखाली फोटो काढतात आणि वर विचारतात, "बघा, किती क्लिअर!" तिथे कुठलाही कॅमेरा क्लिअरच दिसणार.

कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची तर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला चला. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. दुपारचं ऊन थेट खालच्या गोल शिळेवर उतरतं आणि आतल्या सभामंडपात मात्र डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही. मी एक्स्पोजर आभाळाचं धरलं, खांब काळेठिक्कर झाले. खांबांचं धरलं, तर आभाळाच्या जागी पांढरा डाग. आत आयएसओ ३२०० वर नेला, तर फोटोभर रवा सांडला. तो रवा कॅमेरा स्वतःच पुसतो, आणि त्याच फटक्यात मूर्तीच्या गळ्यातला हारही पुसून टाकतो. शिलाहारकाळातली छिन्नी जे बारकावे ठेवून गेली, ते या यंत्राला सांभाळता येत नाहीत, आणि खोक्यावर छापलंय 'लो लाइट एक्सपर्ट'!

कारण उघड आहे. स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. 'एक इंची' म्हणून विकतात तो १३.२ बाय ८.८ चा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि उजेडही त्याच हिशेबात जास्त. चिमुकल्या सेन्सरवर मेगापिक्सेल कितीही कोंबा, उजेड वाढत नाही. "एचडीआर लावा की, वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडून एक होतो" म्हणणाऱ्यांनी तो प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसावर लावून बघावा; एकाच माणसाला तीन हात फुटतात.

हे कोल्हापूर आहे. चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी इथे स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला, १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटासाठी कृत्रिम दिवे लावून चित्रण केलं. त्या गावच्या गिऱ्हाइकानं आकड्याला भुलावं, याची मला चीड येते.

सेन्सरचं माप मेगापिक्सेलइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलंच पाहिजे. तोवर दुकानदाराला दिवे घालवून शटर अर्धं ओढायला सांगा. आतून रस्त्याकडे तोंड करून फोटो काढा, रॉमध्येही, म्हणजे कॅमेऱ्यानं काही पुसण्याआधीच्या फाइलमध्येही काढा. आतल्या माणसाचे डोळे आणि बाहेरची पाटी, दोन्ही हाती लागलं तरच पैसे मोजा. तो नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.